साळूबाई पाणी पीत नाही

"आमच्या शेतावर कामाला असते," हे वाक्य सगुणाच्या तोंडून निघून गेलं, आणि निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हे आपल्या मायबद्दल बोललो. जालन्यात, मस्तगडच्या बाजारात, भर उन्हात, एका हातात मेथीच्या जुड्या आणि दुसऱ्या हातात गिरिजाबाईंची जड पिशवी. गिरिजाबाई म्हणजे घरमालकीण. गुडघ्यांनी बेजार, म्हणून रविवारचा बाजार त्या आपल्या दोन्ही भाडेकरणींना सोबत घेऊन करायच्या. दुसरी भाडेकरीण तारा, ती टमाटे निवडत होती. आणि समोर माय. डाव्या डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी, काखेत गाठोडं, दुकानांच्या फळ्या चाचपत चाचपत आलेली. "सगू," एवढंच ती म्हणाली, तेही हळूच. गिरिजाबाईंनी विचारलं, "कोण गं ही?" विचारण्यात काही खोट नव्हती, कुणीही विचारेल तसंच विचारलं. आणि सगुणानं श्वासही न घेता ते उत्तर दिलं, जणू कित्येक वर्षं ते जिभेखाली धरून ठेवलं होतं. माय आता काय बोलते म्हणून तिनं मेथीच्या जुड्या घट्ट धरल्या. मायनं उघडा डोळा बारीक केला, लेकीच्या जाड काड्यांच्या चष्म्याकडं पाहिलं, इस्त्रीच्या साडीकडं पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गिरिजाबाईंना म्हणाली, "व्हय जी. बाईंच्याच शेतावर असते मी. साळूबाई म्हनतेत मला."

शेत म्हणे! टेंभुर्णीच्या अलीकडं, नदीच्या काठाला वीस-पंचवीस झोपड्यांची भिलाटी, तिथल्या कुणाच्या नावावर वीतभर रान नव्हतं. साळूबाईचा जन्म दुसऱ्यांच्या कपाशीत वाकून गेला, आणि नवरा जाईस्तोवर दुसऱ्यांच्या खळ्यावर राखण करत राहिला. पण हे गिरिजाबाईंना कुठून माहीत असणार? त्या बिचाऱ्या मायेच्या. पट्टी पाहून त्या कळवळल्या. मोतीबिंदूच्या शिबिराच्या गाडीतून गावची म्हातारीकोतारी जालन्याला आल्ती, बाकीची परत गेली, साळूबाईला मात्र डॉक्टरांनी दोन-चार दिवस थांबून पुन्हा दाखवायला सांगितलं होतं, आणि मांडवात झोपायला जागा उरली न्हाई, असं सगळं तिथं रस्त्यातच त्यांनी तिच्याकडून काढून घेतलं. मग सगुणालाच रागं भरल्या. "अगं, म्हातारं माणूस, तुमच्या घरचं मीठ खाल्लेलं. असं रस्त्यावर उभं करतात का? ओट्यावर निजेल की आपल्या." अशी माय लेकीच्या घरी आली, घरमालकिणीच्या मेहरबानीनं, आणि गिरिजाबाईंची भाजीची पिशवी लेकीच्या हातातून काढून स्वतःच्या डोक्यावर घेऊन. सगुणा "राहू दे, राहू दे" म्हणत राहिली, पण शेतावरच्या बाईच्या डोक्यावर पिशवी शोभते, तिथं आणखी काय बोलणार? तारा सगळ्यांच्या मागून चालत होती. तिनं टमाट्यांवरनं मान वर केलीच नव्हती.

दोघी मावसबहिणी आहेत, ही गिरिजाबाईंना सांगितलेली कथा ताराच्याच डोक्यातून निघाली होती. तारा परभणीच्या एका वकिलाची मुलगी, औरंगाबादच्या होस्टेलात सगुणाच्या शेजारच्या कॉटवर. सगुणा आश्रमशाळेतून वर वर सरकत आलेली, बोलायला बुजरी, कुणी नीट पाहिलं की तोंड वळवणारी. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांत गोंदलेले हिरवे ठिपके होते, भिल्लाच्या पोरींना गोंदतात तसे. बाकीच्या मुली त्यावरून काय ते ओळखायच्या आणि आपली ताटली बाजूला सरकवायच्या. तारानं एका दुपारी, सगळ्या मुली सिनेमाला गेलेल्या असताना, त्या ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "दुखलं होतं का?" तिथून सगळं सुरू झालं. मग बोटाच्या जागी ओठ आले. सगुणाला आधी भीती वाटली, मग भीती वाटेनाशी झाली म्हणून जास्त भीती वाटली. शिक्षण संपलं, ताराला जालन्यात मुलींच्या शाळेत नोकरी लागली, सगुणाला बियाणांच्या एका कंपनीत, आणि दोघी खोली शोधायला निघाल्या. लग्न न झालेल्या दोन पोरींना खोली कोण देतो! दारं लागत गेली. गिरिजाबाईंच्या ओट्यावर मात्र तारा फटकन म्हणाली, "आम्ही मावसबहिणी आहोत, काकू." गिरिजाबाईंनी ताराचं आडनाव विचारलं, ते ऐकून समाधानानं मान हलवली आणि किल्ली दिली. खोलीत आल्यावर दोघी तोंडावर उशी दाबून हसल्या. काय युक्ती केली, कुणाच्या बापाला कळणार नाही. बहिणी म्हटल्यावर एका कॉटवर झोपा, एका ताटात जेवा, एकमेकींच्या वेण्या घाला, कोण कशाला बघतंय? उलट "किती गुण्यागोविंदानं राहतात गं पोरी," म्हणून कौतुक. मावसबहिणींचं आडनाव वेगळं असलं तर चालतं, जात मात्र एकच लागते, हे सगुणाला हसणं संपल्यावर, झोपताना कळलं. ताराला ते कधी वेगळं कळायची गरजच पडली नाही.

म्हणजे तक्रार नव्हती तिची. सगुणाचं तारावर प्रेम होतं, जीव ओवाळून टाकावा असं, आणि या एका खोलीइतकी सुखाची जागा तिनं जन्मात पाहिली नव्हती. फक्त त्या खोलीचं भाडं ती एकटी वेगळं भरत होती. "न्हाई"चं "नाही" केलं. सुकट सोडली, वास आठवला तरी तोंडाला पाणी सुटायचं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी गिरिजाबाईंच्या घरी हळदीकुंकवाला जायची आणि कहाणीचं पुस्तक वाचायला लावलं तर वाचायची, उच्चार एकही चुकायचा नाही. आणि तो चष्मा घेतला. नजर चांगली होती, पण काड्या जाड निवडल्या, ठिपके बरोबर झाकतील अशा. गावी वर्षातून एकदा जायची, मायच्या हातात साखर-चहापत्ती ठेवायची, आणि परतीच्या एस्टीत गाव मागं पडलं की पर्समधून चष्मा काढून लावायची. माय म्हणायची, "तुझं घर दाखव की मला एकदा." ती म्हणायची, "दाखवते, माय." आता तीच माय ओट्यावर पाय आखडून बसली होती, आणि गिरिजाबाई कोनाड्यातून कान तुटलेला कप काढून तिच्यासाठी चहा ओतत होत्या.

डोळ्यात औषध घालायचं निमित्त करून सगुणानं तिला आत घेतलं. दार लोटलं. आत आल्यावर तरी माय काही बोलेल, शिव्या देईल, निदान रडेल. तर ती उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली आणि उघड्या डोळ्यानं खोली बघत राहिली, सावकाश, बाजारात जनावर बघावं तसं. एक कॉट. एक आरसा. दोरीवर शेजारी शेजारी दोन परकर. खिडकीत फणी. "एकाच फणीनं इंचरता का दोघी?" तिनं विचारलं. सगुणा म्हणाली, "हं." माय म्हणाली, "बरं." एवढंच. मग सगुणानं माठातलं पाणी तांब्यात काढून तिच्यापुढं धरलं, नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात भरलेला तांब्या. मायनं तांब्याकडं पाहिलं, मान हलवली. "तहान न्हाई मला." उन्हातून चढ चढून आलेली, ओठ पांढरेफटक पडलेले, म्हणे तहान न्हाई. जेवायला वाढलं तर "माझी भाकर हाय बांधलेली," म्हणून गाठोडं सोडलं, चटणीशी भाकर खाल्ली आणि हात पुसत बाहेर गेली. थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी हापशीचा खडखडाट ऐकू आला. सगुणानं खिडकीतून पाहिलं. एका हातानं दांडा हाणत, दुसरी ओंजळ नळीखाली धरून, पट्टी भिजू नये म्हणून मान तिरपी करून माय पाणी पीत होती. पीतच होती.

हा राग आहे हे कळायला सगुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. माय रुसली की पाणी सोडते, हे तिनं लहानपणी बघितलं होतं. थोरली बहीण द्वारका एका आठवडी बाजारातून भुजंग नावाच्या पोराबरोबर निघून गेल्ती, मंठ्याकडं. कळल्यावर माय आणि चुलता तिकडं गेले, धाकटी सगू मायच्या बोटाला. एवढं त्या प्रवासातलं तिला लख्ख आठवत होतं: भुजंगच्या अंगणातला निंब, त्याच्याखाली माय, घाम पुसत, ओठ चाटत. भुजंगच्या आईनं पितळी तांब्या आणला, मायनं तोंड फिरवलं. पुन्हा आणला, पुन्हा फिरवलं. द्वारका दारात उभी राहून रडत होती. सगूनं पाणी मागितलं तेव्हा मायनं तिला पिऊ दिलं, "लेकराला चालतंय" म्हणाली, पण स्वतः नाही. दिवसभर पुरुष माणसं पलीकडं बसून कशावरून तरी घासाघीस करत राहिली, बकरी, लुगडं, दारू असलं काही काही, आणि ऊन उतरल्यावर कधीतरी माय उठून सरळ आत गेली आणि तिनं दोन तांबे एका दमात रिकामे केले. सगूला वाटलं, चला, माय मानली. तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की मायचं पाणी बंद म्हणजे मायचा राग, आणि तो मायनंच सोडल्याशिवाय सुटत नाही. पुढं आठव्या वर्षी ती आश्रमशाळेत गेली ती गेलीच. तिची बोली अर्धी तिथं राहिली, रीतभात अर्धी तिथं राहिली, आणि बाकीच्या अर्ध्यावर तिनं चष्मा लावला.

"तुला पटकन बरं सुचलं गं बाजारात," तारा संध्याकाळी कुकर लावताना म्हणाली. कौतुकानं म्हणाली! "तू टमाटे बघत होतीस," सगुणा म्हणाली. तारानं कुकरचं झाकण बसवलं, मग म्हणाली, "मी काय बोलायला हवं होतं? तुझी आई, तू ठरवायचं. तू म्हणशील तर आत्ता जाऊन सांगते काकूंना." सगुणानं विचारलं, "आणि खोली?" "बघू की. मिळेल दुसरी." बघू की! जिच्या तोंडावर कधी दार लागलं नाही तीच असं म्हणू शकते. सगुणाला खूप बोलायचं होतं. की दुसरी खोली मिळेल, पण दोघींना नाही मिळणार. मी भिल्लाची म्हटलं की आपण बहिणी नाही, आणि बहिणी नाही म्हटलं की मग आपण कोण, हे गिरिजाबाई विचारतील, तुझी शाळा विचारेल, परभणीहून तुझे वडील येऊन विचारतील. एक धागा ओढला की सगळी शिवण उसवते. आणि न ओढावा तर माय ओट्यावर, कानतुटक्या कपात. यातलं काहीच ती बोलली नाही, कारण पातळ भिंतीपलीकडं माय होती, आणि मायच्या पलीकडं गिरिजाबाईंचा टीव्ही चालू होता. तारानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात झटकावा असं पहिल्यांदाच वाटलं आणि झटकला नाही म्हणून स्वतःचाच राग आला.

कंपनीत दुसऱ्या दिवशी तिचं लक्ष लागेना. ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडायच्या, आतलं बी किती उगवलं, किती कुजलं ते बघून सांगायचं, असं तिचं काम. ते करताना तिचा हात कधी चुकायचा नाही. त्या दिवशी कोंब हिरवे दिसेनात. उगवलेलं कुठलं, कुजलेलं कुठलं? सुपरवायझर मार्तंडराव म्हणाले, "मॅडम, तब्येत बराबर नाही का?" ती म्हणाली, झोप नाही झाली. माय आता काय करत असेल? गिरिजाबाई तिला काय काय विचारत असतील? माय भोळी, पण खोटं बोलायला लागली की खोट्याची नीट शेती करते. आणि झालंही तसंच. घरी आली तर गिरिजाबाई खूश. "तुमची साळूबाई गुणाची आहे हो. अंगण झाडलं, धान्य पाखडलं. तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगत होती, बाईंना कशी कडेवर खेळवली, बाईंना ताप आला तेव्हा कशी नदीपार दवाखान्यात नेली." सगुणाला तो ताप आठवला. पुराचं पाणी मायच्या छातीपर्यंत होतं आणि ती मायच्या डोक्यावर. माय खरंच सांगत होती सगळं, फक्त स्वतःला त्यातून वजा करून. सगुणा आत गेली, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. बाहेर आली तेव्हा तांब्या भरून पुन्हा मायपुढं धरला. "घे ना गं. एक घोट." "ऱ्हाऊ दे, सगू. आत्ताच पिऊन आले हापशीवर."

दवाखान्यात पट्टी निघाली. डॉक्टरनं काळा चष्मा दिला, पण माय तो कपाळावर चढवून सगळं बघत आली, रिक्षा, पाट्या, पोरं, म्हशी, आणि खोलीत आल्यावर लेकीचं तोंड. दोन्ही हातांत धरून बघितलं. मग न विचारता तिचा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांना लावला, खिडकीबाहेर पाहिलं, काढला, पुन्हा लावला. "यातून तर काहीच येगळं दिसत न्हाई," ती म्हणाली. "साधी काच हाय ही. मंग काहून घालतीस?" सगुणाचा हात नकळत डोळ्याच्या कोपऱ्याकडं गेला आणि मायला उत्तर मिळालं. ती बराच वेळ चष्मा फडक्यानं पुसत बसली. "लई रडलीस तव्हा," ती म्हणाली. "गोजरबाईनं गोंदलं, मी डोकं धरलं व्हतं तुझं. हालू नको म्हनलं, हालली तर वाकडं व्हईन. सरळ आलेत बघ." तिनं चष्मा लेकीच्या हातात दिला. तारा कॉटवर वह्या तपासत बसली होती. तिचं लाल पेन कितीतरी वेळ एकाच ओळीवर टेकलेलं होतं.

जायच्या दिवशी सकाळी सगुणा दारात उभी होती, हातात तांब्या. सवयीनं भरलेला. बाहेर ओट्यावर गिरिजाबाईंनी चहा आणला होता, त्याच कपात, आणि माय तो फुंकून फुंकून, भुरके मारत, अगदी मनापासून पीत होती. शेवटचा थेंब पडेपर्यंत तिनं कप तोंडावर उलटा धरला. मग तो विसळून कोनाड्यात पालथा घातला आणि म्हणाली, "झाक झाला व्हता, मालकीण." सगुणा बघत राहिली. अपमानाचा राग असता तर तो कप पहिला नाकारला असता. जी त्या कपातनं पिते ती माझ्या तांब्यातनं का पीत नाही? तिनं मायला हाताला धरून आत आणलं, दार लावलं, आणि आवाज चढू न देता म्हणाली, "तिच्या फुटक्या कपातलं चालतं. माझ्या घरचं पाणी न्हाई चालत. एवढा राग हाय तर बोल मला. मार. पर हे काय करून राह्यलीस?" इतक्या वर्षांनी या खोलीत "न्हाई" निघालं. तारा स्टोव्हपाशी होती, ती उठून उभी राहिली.

"राग हाय," माय म्हणाली. "शेतावरची म्हनलीस, ते लागलं मला. रातभर त्या ओट्यावर डोळा न्हाई लागला. पर पाण्याचं ते न्हाई. पाण्याचं येगळं हाय." "काय येगळं?" "देज कुठं झालंय तुझं?"

सगुणाला आधी काही कळेना, आणि मग एकदम तो निंब दिसला, पलीकडं घासाघीस करणारी माणसं दिसली, बकरी, लुगडं, दारू, आणि ऊन उतरल्यावर उठून आत जाणारी माय. ती रुसलेली नव्हती तर. ती वाट बघत होती. तारानं हळूच विचारलं, "देज म्हणजे काय?" मायनं तिच्याकडं पाहिलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ, दोन्ही डोळ्यांनी. "पोरगी आपल्या पायानं एखाद्याच्या घरात गेली, की आमच्यात तिला कोणी मारत न्हाई का वढून आनत न्हाई. पर ज्याच्या घरात गेली त्यानं तिच्या मायबापाला देज द्यायचं. त्याचं बोलणं होईस्तवर मायबाप त्या घरात अन्न-पाणी घेत न्हाईत. घेतलं तर पोरगी फुकट दिली म्हनतेत." मग लेकीकडं वळून, थोड्या चिडून, "मला काय समजतंय बाई-बाईचं. माझी अक्कल तिथं चालत न्हाई. देवाला इचारलं, त्यानं बी सांगितलं न्हाई. पर तू हितं नांदून राह्यलीस, ते मला पहिल्या दिशी एका डोळ्यानं बी दिसलं. मंग कसं पिणार पाणी?"

स्टोव्हवरचं दूध वर आलं, तारानं ते न बघता उतरवलं आणि तशीच खाली बसली, मायच्या समोर. "काय द्यायचं असतं?" तिनं विचारलं. "एक बकरी अन् लुगडं," माय म्हणाली. मग तिनं सगुणाला खालून वर बघितलं, जशी पहिल्या दिवशी खोली बघितली होती. "पर ही शिकलेली हाय. नोकरीवाली. दोन बकऱ्या लागतीन." सगुणाला हसू फुटलं, आणि फुटलं ते थांबेना, थांबलं तेव्हा ते रडणं होतं. तारा मात्र हसली नाही. "दोन बकऱ्या," ती म्हणाली, शाळेत प्रतिज्ञा म्हणावी तशी. "आणि लुगडं. हिरवं आणू?" "हिरवं नको. हिरव्या पट्टीनं बेजार केलंय मला. लाल आन."

"मंग झालं बोलणं," माय म्हणाली. "आता पाणी पिते. पर हितं दार लावून न्हाई. चार माणसांम्होरं प्यावं लागतंय, तव्हा ते खरं धरतेत. अन् पाणी हिनं द्यायचं, तू न्हाई." तिनं ताराकडं बोट केलं. मग गाठोड्याची गाठ आवळत, लेकीकडं न बघता म्हणाली, "न्हाई जमत तर ऱ्हाऊ दे, सगू. मी काय बोलणार न्हाई कोणाला. जाता जाता हापशीवर पिते." आणि दार उघडून ती ओट्यावर जाऊन बसली, पाहुणी बसते तशी, मांडी घालून, मधोमध.

ओट्यावर गिरिजाबाई देवाच्या वाती वळत होत्या. शेजारच्या रजनीवहिनी निवडायला सूप घेऊन आल्या होत्या, त्यांच्या सासूबाई जपमाळ घेऊन. चार माणसं म्हणजे अशीच असतात. सगुणाला दारातून ती सगळी दिसत होती. तिला खोलीतली खिडकी दिसत होती, कॉट, फणी, कॉटखालची ट्रंक, जी पुन्हा बाहेर काढावी लागेल. ताराच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका दिसत होत्या. परभणीहून येणारी गाडी दिसत होती. आणि हापशी. माय खरंच काही बोलणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिथं ओंजळीनं पाणी पिऊन, एस्टीत बसून, भिलाटीत जाऊन सांगेल की लेकीचं घर लई चांगलं हाय. आणि पुन्हा कधी येणार नाही. तारा तांब्या घेऊन तिच्या शेजारी उभी होती. "तू म्हणशील तसं," असं तारा या वेळी म्हणाली नाही. "मी जाते," ती म्हणाली, "पण तू पुढं हो. मला एकटीला भीती वाटते." सगुणानं चष्मा काढला, खिडकीत फणीशेजारी ठेवला आणि बाहेर आली.

"काकू," ती म्हणाली. "ही शेतावरची नाही. आम्हाला शेत नाही. ही माझी माय आहे. आम्ही भिल्ल आहोत, टेंभुर्णीच्या भिलाटीतले." गिरिजाबाईंच्या मांडीवरची वात अर्धी वळलेली राहिली. त्यांनी सगुणाच्या डोळ्यांकडं पाहिलं, कोपऱ्यांतल्या ठिपक्यांकडं पाहिलं, मग साळूबाईच्या डोळ्यांकडं, मग कोनाड्यातल्या पालथ्या कपाकडं. रजनीवहिनींचं सूप थांबलं. "म्हणजे तू ताराची मावसबहीण..." "नाही, काकू." "मग कोण?" त्या म्हणाल्या. रागानं नाही, खरंच कळेना म्हणून. "मग कोण गं तुम्ही दोघी एकमेकींच्या?"

तारा तोवर ओट्यावर आली होती. तिनं खाली वाकून, दोन्ही हातांनी तांब्या पुढं धरला. "आई, पाणी घ्या," ती म्हणाली. मायनं तिन्ही बायकांकडं एकदा नजर फिरवली, बघताय न्हवं, अशी. मग तांब्या घेतला, मान मागं टाकली आणि वरून धार सोडली. पाणी गळ्यातनं घटघट वाजत उतरत होतं, हनुवटीवरनं सांडत होतं, चोळी भिजत होती, आणि ती थांबत नव्हती. तांब्या रिकामा करून तिनं तोंड पुसलं आणि तो तारापुढं धरला.

"अजून आन," ती म्हणाली.

तारा माठाकडं आत गेली. गिरिजाबाई अजून उत्तराची वाट बघत होत्या. सगुणा ओट्यावर मायजवळ बसली.